काँक्रीट शिकवताना आधी क्यूब की आधी पाणी?

पारसिकचा पाथरवट

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला काँक्रीट टेक्नॉलॉजी शिकवतो. कॉलेज नवी मुंबईत. दरवर्षी पहिल्या तासाला एकच प्रश्न विचारतो: चांगलं काँक्रीट कशाला म्हणायचं? उत्तरं ठरलेली. "एम३०." (२८ दिवसांनी चिरडण्याची ताकद ३० एमपीए, म्हणजे चौरस मिमीला ३० न्यूटन.) "२८ दिवसांनी ताकद देतं ते." एखादा धीट पोरगा सिमेंटच्या जाहिरातीतलं वाक्य म्हणून दाखवतो.

मग विचारतो, नाशिकला घराच्या आतल्या स्लॅबला आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटची भारतीय संहिता, एम२०वर भागवू देते आणि वाशीत खाडीच्या वाऱ्यावरच्या कॉलमला किमान एम३० मागते. वाशीतली माणसं जास्त जड असतात का? वर्ग हसतो, मग गप्प. आकडे सगळे पाठ असतात: 'सिव्हिअर' (खाडीकाठासारख्या) वातावरणाला घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५, कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, ४५ मिमी. ते आकडे कुणाला अडवायला लिहिलेत हे कोणी सांगत नाही.

माझं मत असं की आपल्या भागात काँक्रीट चिरडून मरत नाही, आतली सळई गंजून मरतं. कोपरखैरण्यापासून कोपरीपर्यंत सोललेले सज्जे आणि कॉलम बघत चला. बहुतेक ठिकाणी गंजच. आणि आम्ही मात्र पहिले दोन महिने पोरांना क्यूब, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे, फोडून चिरडण्याची ताकद मोजायला लावतो.

यंदा क्रम उलटा करावा म्हणतो. आधी काँक्रीटमधून पाणी आत कसं शिरतं ते, मग ताकद. सहकारी म्हणतात, परीक्षेत स्लम्प कोनची (ओल्या मालाचा ढीग किती खचतो ते मोजायच्या साच्याची) आकृती येते, पाण्याच्या केशाकर्षणावर कोणी प्रश्न काढत नाही. त्यांचंही खोटं नाही. आमच्याकडे ओव्हन, वजनकाटा, क्यूबचे साचे आणि एक कुरकुरणारं सीटीएम (क्यूब दाबून फोडायचं मशीन) आहे. एवढ्यावर काय काय दाखवता येईल? साइटवाल्यांनी, आरएमसीवाल्यांनी (तयार काँक्रीटच्या प्लांटवाल्यांनी), कन्सल्टंट लोकांनी जरूर लिहा.

गुण्या

सर, क्रम कुठलाही ठेवा, पण पोरांना आधी माल बघायला शिकवा.

घोडबंदर रोडला साइटवर आहे. नवीन डिप्लोमावाला येतो, स्लम्प कोन लावतो, कोन उचलतो, पट्टी धरतो, वहीत १४० मिमी लिहितो. मालाकडे बघतच नाही. अरे, माल एका बाजूला घसरून पडला असेल तर तो आकडा लिहायचाच नसतो, परत घ्यायचा असतो. कडेने पाणी सुटतंय का, खडी मधे आणि ग्राउट (सिमेंटचा रस) बाहेर असं झालंय का, रॉडने बाजूला टिचकी मारली तर ढीग एकसंध बसतो की ढासळतो, हे बघायचं. १४० चा स्लम्प चांगल्या मालाचाही असतो आणि पाणी ओतलेल्या रद्दी मालाचाही.

दुसरं, ब्लीडिंग. स्लॅब भरल्यावर वर पाणी येतं तेव्हा मिस्त्री काय करतो? कोरं सिमेंट भुरभुरवतो आणि थापी मारतो. वरून गुळगुळीत, पोपडा तयार. मार्च-एप्रिलमध्ये खाडीवरून वारा सुटला की पाणी वर येण्यापेक्षा उडण्याचा वेग जास्त होतो आणि दोन-तीन तासांत स्लॅबला भेगा. पोरं विचारतात, सर, स्टील कमी पडलं का? स्टीलचा संबंधच नाही, तो माल अजून धड सेटसुद्धा झालेला नसतो. ओलं गोणपाट किंवा प्लास्टिक वेळेत अंथरलं असतं तर भेग पडली नसती. हे लॅबमध्ये एका ट्रेमध्ये दाखवता येतं. पातळ थर टाका, अर्ध्यावर प्लास्टिक, सगळ्यावर टेबल फॅन.

बॅच_नंबर

महापेला आरएमसी प्लांटवर क्वालिटी बघतो. धाग्याच्या शीर्षकाला माझं उत्तर: पाणी. आणि ते भाषणाने नाही, हिशेबाने शिकवा. रोजचा हिशेब देतो, वर्गात फळ्यावर मांडा.

६ घनमीटरची गाडी. एम३०. घनमीटरला सिमेंट ३८० किलो, पाणी १७१ लिटर. प्रमाण ०.४५. गाडी गायमुखला ट्रॅफिकमध्ये अडकली, माल आवळला. साइटवर मुकादम म्हणतो, "थोडं पाणी मार." थोडं म्हणजे किती ते कोणी मोजत नाही, ड्रमच्या तोंडाशी पाइप लावला की शंभर लिटर कधी गेले कळत नाही. घनमीटरला साधारण १७ लिटर. १७१ चे झाले १८८. भागिले ३८०. उत्तर जवळजवळ ०.५०. ही 'मॉडरेट' वातावरणाची मर्यादा. म्हणजे कागदावर 'सिव्हिअर'साठी बनवलेला माल दोन मिनिटांत एक पायरी खाली आला.

आता खरी गंमत. एम३० चं डिझाइन ३० साठी करतच नाहीत. सरासरीचं लक्ष्य ३० अधिक १.६५ गुणिले ५, म्हणजे ३८.२५ एमपीए. पाण्यामुळे चार-पाच एमपीए गेले तरी क्यूब ३३-३४ ला फुटतो. रिपोर्टवर पास. साइट खूश, प्लांट खूश, बिल निघालं. टिकाऊपणाची अट मोडली आणि ती मोडल्याचा एकही पुरावा फाइलमध्ये नाही. पाथरवट सर म्हणतात ते इथे पटतं: क्यूब हे पाण्याचे लाड पकडायचं फार ढिलं जाळं आहे.

पावसाळ्यात तर पाइपही लागत नाही. घनमीटरला ७०० किलो क्रश सँड धरा. उघड्यावरच्या ढिगात कणांच्या अंगावर ५ टक्के ओल असेल तर ३५ लिटर पाणी आपोआप आलं. तेवढं पाणी बॅचमधून वजा केलं नाही तर मिक्स डिझाइनचा कागद वाऱ्यावर सोडा. पोरांना हे तव्यावर करायला लावा. ओली रेती तोला, तव्यात कोरडी होईपर्यंत परता, पुन्हा तोला, फरकातून रेतीचं स्वतःचं शोषण वजा करा. ढिगाच्या वरची आणि तळाची अशी दोन्हीकडची घ्या. दोन उत्तरं वेगळी आली की प्लांटवाला रात्री का झोपत नाही ते समजेल.

खवचट खाडीकर

क्यूब पास, बिल पास, सज्जा नापास. हघ्या (हलके घ्या).

गुण्या

@बॅच_नंबर, हिशेब मान्य. पण साइटवर पाणी हौसेने मारत नाहीत हो. तुमची गाडी निघते दुपारी बाराला, पोचते अडीचला. आयएस ४९२६ (तयार काँक्रीटची संहिता) सांगतं की भरल्यापासून दोन तासांत रिकामी व्हायला हवी, रिटार्डर (सेट व्हायला उशीर लावणारं रसायन) घातला असेल तर त्याहून जास्त. चौदाव्या मजल्यावर पंपाने चढवायचा आहे. लाइन चोक झाली तर ती खोलून साफ करेपर्यंत मागच्या तीन गाड्या आवळतात. अ‍ॅडमिक्श्चर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) साइटवर ठेवा, मोजून घालणारा तुमचा माणूस ठेवा, मग बघू पाइपला कोण हात लावतं.

बॅच_नंबर

त्या रसायनाचा डबा प्रत्येक गाडीबरोबर पाठवतो. संध्याकाळी भरलेलाच परत येतो.

माणूस ठेवायला हवा हे मात्र खरं. काही ठिकाणी ठेवतो. सगळीकडे दर परवडत नाही, आणि दर पाडताना समोर कोण असतं ते तुम्हालाही माहीत आहे.

थर्ड_सेम

इथे बरेच सर लोक आहेत म्हणून विचारतो. आम्ही क्यूब दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून २८ दिवस पाण्याच्या टाकीत ठेवतो. इमारतीचा कॉलम टाकीत नसतो, उन्हात असतो. मग आम्ही नेमकी कुणाची ताकद मोजतो? लॅबमध्ये विचारलं तर "जर्नल पूर्ण कर" म्हणाले.

ओळंबा

थर्ड_सेम, तुझ्या प्रश्नाला पैकीच्या पैकी. (निवृत्त स्ट्रक्चरल कन्सल्टंट, ठाण्यात चरईत ऑफिस होतं. लांबण लागेल, सवय.)

तू मालाची ताकद मोजतोस, कॉलमची नाही. प्लांटमधून आलेला माल, उत्तम ठोकला, उत्तम भिजवला, तर कुठवर जाऊ शकतो एवढंच क्यूब सांगतो. दोन प्लांटची, दोन दिवसांची तुलना करायला सगळ्यांना एकच आंघोळ घालावी लागते, म्हणून टाकी. कॉलममध्ये काय झालं हे व्हायब्रेटर धरणाऱ्यावर आणि पाणी मारणाऱ्यावर ठरतं.

अजून एक, जे तुझ्या जर्नलमध्ये नसेल. फुटलेला क्यूब नीट पाहिलास तर मधे बारीक, वर-खाली रुंद असा डमरू उरतो. का? सीटीएमच्या लोखंडी प्लेटा वरून-खालून घर्षणाने क्यूबला धरून ठेवतात, कडेला पसरू देत नाहीत. त्यामुळे क्यूबचा आकडा थोडा फुगीर येतो. तोच माल दुप्पट उंचीच्या सिलिंडरमध्ये साधारण ०.८ पट येतो. म्हणजे ताकद हा काँक्रीटचा अंगभूत आकडा वाटतो, पण त्यात साच्याचा आणि मशीनचा वाटा असतोच. क्यूब ठेवताना घासलेली वरची बाजू कडेला येईल असा आडवा का ठेवतात हेही यातून सुटेल. दाब देणाऱ्या दोन्ही बाजू साच्याच्या, म्हणजे सपाट हव्यात.

आता क्युरिंग. आयएस ४५६ साध्या सिमेंटला (ओपीसी) किमान सात दिवस आणि ब्लेंडेड (राख किंवा स्लॅग मिसळलेल्या) सिमेंटला किमान दहा दिवस ओलं ठेवायला सांगतं. आज बाजारात बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं) किंवा स्लॅग सिमेंटच मिळतं, म्हणजे दहा धरा. स्लॅबला वाफे करून पाणी भरतात, ते बरं होतं. कॉलमला दोन दिवस गोणपाट, तिसऱ्या दिवशी ते वाळून कडक. उभ्या कॉलमचा सगळ्यात आधी सुकणारा भाग कुठला? बाहेरचा ४०-५० मिमी. आणि तोच तर कव्हर. ज्या थराने सळईला वाचवायचं तोच थर सगळ्यात कच्चा राहतो. गाभा मात्र स्वतःचं पाणी धरून पक्का होत जातो, म्हणून नंतर कोअर (भोक पाडून काढलेला नमुना) काढला तर ताकद ठीक येते आणि सगळे बुचकळ्यात पडतात.

@पाथरवट सर, तुमच्या मुद्द्याला अनुमोदन, पण थोडा विरोधही नोंदवतो. ताकदीला इतकं खाली बसवू नका. संहितेने खाडीकाठी एम३० मागितलं ते भार जास्त म्हणून नाही, हे बरोबर. पण पाणी कमी ठेवल्याशिवाय एम३० सहज गाठता येत नाही, आणि ०.४५ साइटवर मोजायला सोपं उपकरण नाही, म्हणून ग्रेड हा पाण्यावर ठेवलेला पहारेकरी आहे. ढिला असेल, बॅच_नंबर यांनी तो कसा झोपतो ते दाखवलंच, पण दुसरा कोणी आपल्याकडे नाही.

सेक्टर नऊची सेक्रेटरी

विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही, रागावू नका. मी इंजिनिअर नाही, वाशीतल्या एका जुन्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. वरच्या मजल्यांवर बाथरूमच्या छताचा गिलावा पडला, आत सळया लाल दिसतात. ठेकेदार म्हणतो, "मॅडम, सळईला केमिकल मारून प्लास्टर करून देतो, दहा वर्षं बघायला नको." मागच्या कमिटीनेही असंच केलं होतं आणि आता त्याच्या शेजारचा भाग पडतोय. हे असं का?

ओळंबा

ताई, विषयाला धरूनच आहे. पाथरवट सर वर्गात काय सांगणार त्याचा तुमचं छत हा नमुना आहे.

काँक्रीटचा पीएच १२.५-१३ असतो. इतक्या अल्कलीत सळईवर एक अदृश्य पापुद्रा तयार होतो आणि ती गंजत नाही. हा पापुद्रा दोन वाटांनी जातो. एक, हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि अल्कली संपवतो, याला कार्बोनेशन म्हणतात. दोन, मीठ, म्हणजे क्लोराइड, सळईपर्यंत पोचतं आणि पापुद्रा जागोजागी भोकसतं. त्यानंतर ओल आणि हवा मिळाली की गंज. गंज लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, म्हणून कव्हर आतून फुटतं. तुमच्याकडे गिलावा पडला म्हणून गंज आला नाही, गंज आला म्हणून गिलावा पडला. बाथरूमच्या गळतीने ओल पुरवली.

शेजारचा भाग का पडतो? क्लोराइडचा त्रास असेल तर जिथे गंज चालू असतो तो भाग आजूबाजूच्या सळईला एक प्रकारे वाचवत असतो. तुम्ही तेवढाच तुकडा नव्या अल्कली मालाने भरलात की तो शांत होतो आणि त्याच्या कडेच्या जुन्या, मिठाच्या काँक्रीटमधली सळई गंजायला लागते. म्हणून ठिगळं लावत बसू नका. आधी गळती बंद. मग ऑडिट करणाऱ्याकडून कार्बोनेशन किती खोल गेलंय आणि काँक्रीटमध्ये क्लोराइड किती आहे, हे दोन आकडे लेखी घ्या. दुरुस्तीत सळईच्या मागेही बोट जाईल इतकं काँक्रीट काढायला सांगा, नुसतं समोरून ब्रशने रंगवणं म्हणजे देखावा. आणि सळई किती झिजली ते मोजल्याशिवाय प्लास्टर नको.

जुन्या इमारतींत मीठ बाहेरूनच आलं असेल असंही नाही. मुंब्र्याजवळच्या रेतीबंदरला खाडीतून उपसलेली रेती उतरायची आणि आजूबाजूच्या बांधकामांना जायची. वर बॅच_नंबर यांनी ७०० किलो रेतीत ३५ लिटर पाणी काढलं. तेच पाणी खाडीचं धरा. समुद्राच्या पाण्यात लिटरला १९ ग्रॅमच्या आसपास क्लोराइड असतं, खाडीत पावसाळ्यात त्याहून बरंच कमी. उन्हाळ्याचं धरलं तर ३५ गुणिले १९, म्हणजे घनमीटरला साधारण ६६५ ग्रॅम. आयएस ४५६ ची आरसीसीसाठी मर्यादा ६०० ग्रॅम. गोड्या पाण्याने न धुतलेली रेती वापरली की सिमेंट, पाणी, खडी यांचा हिशेब मांडायच्या आधीच मर्यादा ओलांडली.

मोठ्या बांधकामांनाही हे चुकलेलं नाही. वाशीच्या पहिल्या खाडीपुलाच्या प्रीस्ट्रेसिंग केबल्स (काँक्रीटला आवळून धरणाऱ्या ताणलेल्या तारा) गंजल्या होत्या, आणि गोव्यात मांडवीवरचा जुना पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला त्यातही गंजाचाच हात. पोरांना ही उदाहरणं सांगा, पण त्याआधी वरचा गुणाकार करायला लावा.

सेक्टर नऊची सेक्रेटरी

खूप आभार. 'दोन आकडे लेखी' हे कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. लगेच तीन जणांना राग आला, म्हणजे मुद्दा बरोबर असावा.

पारसिकचा पाथरवट

धागा अपेक्षेपेक्षा पुढे गेला. ओळंबा सर, पहारेकऱ्याचा मुद्दा मान्य. तो तसाच वर्गात सांगेन, त्याने क्यूब टेस्टलाही अर्थ येईल.

आता सत्राचा आराखडा असा करतोय. पहिल्या आठवड्यात एकच सिमेंट, एकच खडी, एकच रेती, फक्त पाणी बदलून तीन माल: ०.४०, ०.५०, ०.६०. ०.४० ला अ‍ॅडमिक्श्चर लागेल, ते देईन. प्रत्येकाचे जास्तीचे क्यूब, अर्धे टाकीत आणि अर्धे खिडकीत. सातव्या आणि २८व्या दिवशी काही फोडायचे. उरलेले ओव्हनमध्ये सुकवून, चारी उभ्या बाजू मेणाने बंद करून, ट्रेमध्ये दोन सळयांवर ठेवायचे, खाली ५ मिमी पाणी, आणि ठरावीक वेळाने वजन. वजनवाढ वेळेच्या वर्गमुळाविरुद्ध मांडली की रेघ सरळ यायला हवी. रेघेचा चढ म्हणजे त्या काँक्रीटची तहान. टाकीतला ०.६० आणि खिडकीतला ०.४०, यांत कुणाची रेघ जास्त चढते यावर पोरांनी आधी पैज लावायची.

फिनॉल्फ्थॅलीन केमिस्ट्रीच्या लॅबमधून आणेन. कुठेतरी पाडकाम चालू असलेल्या जुन्या इमारतीचा तुकडा घ्यायचा, ताजा फोडायचा, फवारायचं. आत अल्कली टिकलेला भाग गुलाबी, बाहेरची कार्बोनेट झालेली पट्टी बिनरंगी. ती पट्टी सळईपर्यंत पोचली की नाही ते मोजपट्टीने मोजायचं. यापेक्षा स्वस्त आणि डोळ्यात भरणारा प्रयोग मला माहीत नाही.

आणि शेवटी वेगवेगळ्या कव्हरचे ठोकळे मिठाच्या पाण्यात ठेवून बारा व्होल्टची बॅटरी लावायची, सळईला धन टोक. काही दिवसांत तडे आणि तपकिरी पाणी.

बॅच_नंबर

दोन हरकती. ओव्हन १०५ ला लावू नका, काँक्रीटमध्येच बारीक भेगा पडतील आणि तहान खोटी वाढेल. ५० च्या आसपास, जास्त दिवस, वजन स्थिर होईपर्यंत.

बॅटरीवाला प्रयोग मला खटकतो. तिथे गंज तुम्ही करंटने लादता. क्लोराइडला आत पोचायला वर्षं लागतात, पापुद्रा टिकतो की नाही, हा सगळा खेळच त्यात गायब. पोरं समजतील २० मिमी कव्हरची इमारत चार दिवसांत फुटते.

ओळंबा

हरकत बरोबर, प्रयोग तरी ठेवा. तडा सळईच्या रेषेतच जातो आणि जाड कव्हरला उशिरा जातो, हे डोळ्यांनी बघणं मोलाचं आहे. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा की या प्रयोगातला वेळ खोटा आहे, क्रम खरा आहे. परीक्षेत तोच प्रश्न विचारा: काय खोटं आणि का?

गुण्या

कव्हर ब्लॉकही दाखवा सर. साइटवर अजून खडीचा तुकडा सरकवतात सळईखाली. आणि स्लॅब भरताना जाळीवरून दहा माणसं चालली की ४० चं कव्हर कुठे ४०, कुठे १०. ब्लॉक मालाच्याच ताकदीचा हवा, मिस्त्रीने उरलेल्या प्लास्टरच्या मालातून पाडलेला नको.

थर्ड_सेम

मी पाथरवट सरांच्या कॉलेजचा नाही, पण आमच्याकडे प्रोजेक्टला हाच विषय घेतोय, तिघं आहोत. मिठाच्या ट्रेसाठी विटाव्याच्या पुलाखालून खाडीचं पाणी आणू का? म्हणजे 'स्थानिक' होईल.

पारसिकचा पाथरवट

नको. खाडीचं पाणी भरती-ओहोटीला आणि पावसाला बदलतं, शिवाय त्यात सांडपाणी. तुमचा निकाल दुसऱ्याला पडताळता येणार नाही. नळाच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम साधं मीठ घाला, समुद्राच्या खारटपणाइतकं होतं, आणि ते वहीत लिहा. खाडीचं पाणी आणायचंच असेल तर वेगळ्या ट्रेमध्ये, आणि तेव्हाची वेळ व भरती नोंदवून. ट्रेचं पाणी आटतं, पातळी रोज बघा, भर नुसत्या नळाच्या पाण्याने करा. मीठ आटत नाही.